बिनखमिराची भाकर

चैत्र आला की आमच्या आळीतल्या इस्रायल आजींच्या घरात आवराआवरीला ऊत यायचा. भिंतींना चुना, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई, डबे उपडे करून कोपरान् कोपरा झाडायचा. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, आंबलेल्याचा कणसुद्धा घरात राहता कामा नये. वल्हांडण आलाय ना!"

वल्हांडण म्हणजे यहुद्यांचा पेसाह. इजिप्तच्या गुलामीतून सुटताना कणीक फुगायलाही सवड नव्हती, तशीच भाकर भाजून माणसं निघाली. त्या आठवणीत आठ दिवस बिनखमिराची भाकर, मात्झा खायची. पिठात पाणी पडल्यापासून 18 मिनिटांत ती भाजून व्हायला हवी. आपल्या कोकणातले बेने इस्रायल पूर्वी याला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत. अनास म्हणजे आंबट रसाचं मडकं. धर्मग्रंथ हाताशी नव्हते त्या काळातही मडकं झाकायची रीत घराघरांतून टिकली. ती कुणी टिकवली असेल, हे चूल सांभाळणाऱ्या आपल्याला कुणी सांगायला नको! पुण्यात 1874 साली या सणाचं पुस्तक, हग्गादा, मराठी भाषांतरासह छापलं गेलं. त्यातल्या चित्रात मात्झा करणाऱ्या बायका चक्क साडी नेसून बसल्या आहेत.

आता खाडीपल्याडची गोष्ट. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत आपसात पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. तिथली एक मैत्रीण माझ्याबरोबर बचत गटाचं काम करते. तिच्या मुलीचा 'फर्स्ट होली कम्युनियन', म्हणजे पहिला ख्रिस्तप्रसाद होता. पांढऱ्या झग्यातली पोर परीसारखी दिसत होती. मिस्सा चालू असताना सगळे रांगेत निघाले, तशी मीही उठले. मैत्रिणीनं हळूच कोपर धरलं. "ताई, तू बस."

खरं सांगते, तोंड एवढंसं झालं माझं. आपल्याकडे सत्यनारायणाचा प्रसाद दारावरून जाणाऱ्यालाही बोलावून देतात. मग मलाच का नाही? दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. शेवटी विचारूनच टाकलं.

ती शांतपणे म्हणाली, "ताई, आमच्या श्रद्धेनं तो नुसता प्रसाद नाही. फादरनी प्रार्थना केल्यावर ते ख्रिस्ताचं शरीर होतं. आमच्या मुलांनाही आधी शिकवणी घ्यावी लागते, पापकबुली द्यावी लागते, मगच मिळतं." आणि पुढे म्हणाली, "तीसुद्धा बिनखमिराचीच भाकर. गव्हाचं पीठ आणि पाणी, बस्स."

मला एकदम आजींचा मात्झा आठवला! मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांप्रमाणे येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं भोजन हे वल्हांडणाचंच होतं. म्हणजे भाकर एकाच पंगतीतली, पुढे वाटा वेगळ्या झाल्या. एका घरी ती सुटकेची आठवण, वर्षातून एकदा, बायकांनी घासूनपुसून लख्ख केलेल्या घरात. दुसरीकडे ती साक्षात देव, प्रत्येक मिस्सेत, वेदीवरून फादरच्या हातून. "सगळे धर्म सारखेच" असं आपण पटकन म्हणून टाकतो. सारखे नाहीत, मैत्रिणींनो. आणि नसले तरी मैत्रीला काही अडत नाही, फक्त रुसून न बसता विचारायला हवं.

हे विचारणं मी आजींकडूनच शिकले. वल्हांडणाच्या रात्री घरातल्या सगळ्यांत लहान मुलानं विचारायचं असतं, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मग मोठ्यांनी सुटकेची गोष्ट सांगायची. आजींची मुलं, नातवंडं सगळी इस्रायलला. कुणी नसेल तर स्वतःच स्वतःला विचारायचं, अशीही रीत आहे. आजी कित्येक वर्षं तसंच करत होत्या.

एका वर्षी त्यांनी आम्हाला मुद्दाम बोलावलं. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची. मी तिला घरूनच पढवून नेली होती. तिनं प्रश्न विचारला आणि आजींचे डोळे भरून आले. त्यांनी सगळी गोष्ट सांगितली, आपल्या मराठीत, अगदी सावकाश.

पुढच्या वर्षी मुलानं त्यांना नेलं. घराला कुलूप लागलं. जाताना कल्हईचं एक पातेलं माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "चैत्रात घासत जा गं."

मी घासते. आणि दर वर्षी लेक विचारते, "आई, हे पातेलं वेगळं का?"