बोलत नाही म्हणून कळत नाही, असं नव्हे!

बैल बुजला तर जाणता शेतकरी लगेच चाबूक उगारत नाही. तो आधी वाटेकडे बघतो. कुंपणावर फडकं फडफडत असेल, डबक्यात ऊन चमकत असेल. ते कारण दूर केलं की बैल मुकाट चालू लागतो. घरातल्या स्वमग्न मुलाकडे मात्र या नजरेनं आपण क्वचितच बघतो.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा काही बाहेरचा प्रकार नाही. मेंदूची घडणच लहानपणापासून वेगळी असते. मूल हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही, उशिरा बोलतं किंवा बोलतच नाही. एकच चाक तासन्‌तास फिरवत बसतं. वरातीत बँड वाजला की कान झाकून किंचाळतं. मग गाव म्हणतं, ‘लाडानं बिघडलंय’. पुढं अंगारे-धुपारे, नाहीतर चोप. पोराला नेमकं काय होतंय, हे बघायचं राहूनच जातं.

खोड्यातून मिळालेली वाट

हे आतलं जग स्वतः सांगणाऱ्यांत अमेरिकेच्या टेंपल ग्रँडिन यांचं नाव मोठं आहे. जन्म १९४७ चा. साडेतीन वर्षांपर्यंत त्या बोलत नव्हत्या. त्या काळी अशा मुलांना संस्थेत टाकत. आईनं तसं होऊ दिलं नाही. शाळेची घंटा वाजली की दाताच्या शिरेवर यंत्र फिरल्यासारखी कळ यायची, असं त्या सांगतात. आपण शब्दांनी नव्हे, चित्रांनी विचार करतो, असंही त्यांनी लिहून ठेवलंय.

तरुणपणी त्या ॲरिझोनात नातेवाइकांकडे गुरांच्या कुरणावर राहिल्या. तिथं लस टोचायला गुरं खोड्यात घेत. दोन्ही बाजूंनी फळ्यांचा दाब बसला की बिथरलेली काही जनावरं शांत होत. त्या स्वतःच खोड्यात शिरल्या! कुणी मिठी मारलेली त्यांना सोसत नसे, पण हा दाब मानवला. मग तसंच यंत्र त्यांनी स्वतःसाठी बनवलं. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी त्यावर हसण्याऐवजी ‘हे असं का होतं, शोधून काढ’ म्हणून अभ्यासाला लावलं. पुढं त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. गुरं कशाला बुजतात हे बघायला त्या गुरांच्या वाटेनं स्वतः चालत गेल्या आणि गुरं हाताळण्याच्या पद्धती त्यांनी बदलून दाखवल्या.

प्रत्येक मूल ग्रँडिन होणार नाही. काहींना आयुष्यभर आधार लागेल. पण ओरडण्यामागं कारण असतं, हे सगळ्यांनाच लागू आहे.

काय करावं?

घरच्यांनी मूल कशानं बिथरतं, कशानं शांत होतं, याची वहीत नोंद ठेवावी. सूचना थोडक्या शब्दांत द्यावी, जमल्यास वस्तू किंवा चित्र दाखवून. गुरुजींनी त्याला घंटेपासून लांब बसवावं. अंगणवाडी ताईंना शंका आली तर वाट न बघता तपासणीला पाठवावं. लवकर सुरू केलेल्या शिकवणीचा उपयोग जास्त.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात करावी. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरानंतर पालकत्वाची गरज पडली, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करता येतो. सरपंच-ग्रामसेवकांनी ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी. असं लेकरू असलेलं घर सहसा आपणहून विचारायला येत नाही.