निघून गेलेल्या उपकरणाचा निर्देश

नाम उरले आहे, परंतु त्याने निर्दिष्ट होणारी वस्तू उरलेली नाही, ही अवस्था भाषेच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. नैसर्गिक भाषेत तिच्यामुळे फारसे बिघडत नाही. पाडलेल्या वेशीचे नाव गाव पिढ्यान्‌पिढ्या वापरीत राहते. संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, त्याला मात्र असा निर्देश घातक ठरतो. आणि काढघाल करता येण्याजोग्या उपकरणांमुळे कर्नेलला होणारे अपघात पुष्कळदा याच जातीचे असतात.

मंद्रूप येथील एखाद्या सेवाकेंद्राची कल्पना करावी. बोटांचे ठसे घेणारे यंत्र युएसबीच्या तारेने लिनक्सच्या संगणकास जोडलेले आहे, ठसा वाचण्याचे काम चालू आहे, आणि तेवढ्यात कोणाचा तरी पाय अडकून तार निसटते. यंत्र जोडले गेले तेव्हा त्याच्या ड्रायव्हरने स्मृतीत त्याची एक नोंद सिद्ध केलेली होती. तार निसटताच कर्नेल ड्रायव्हरला वियोगाची सूचना देते. ड्रायव्हर भाबडेपणाने लिहिलेला असेल, तर तो त्याच क्षणी नोंद नष्ट करून जागा मोकळी करतो. परंतु ठसा वाचणाऱ्या प्रोग्रॅमने उपकरण अद्याप उघडे ठेवलेले असते. त्याचे पुढील वाचन, किंबहुना उपकरण बंद करण्याची त्याची सभ्य विनंतीसुद्धा, नष्ट झालेल्या नोंदीच्या पत्त्यावर जाऊन पोहोचते. तेथे दरम्यान दुसऱ्याच कोणाचा मजकूर आलेला असू शकतो. सामान्य प्रोग्रॅम कोसळला तर एकटा कोसळतो. ड्रायव्हर कर्नेलच्या अधिकाराने चालत असल्यामुळे तो साऱ्या यंत्रणेस घेऊन पडू शकतो, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे काम अडून राहते.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे प्रत्येक वापरापूर्वी 'उपकरण आहे काय?' असे विचारणे. अशा दुरुस्त्या विपुल आढळतात, आणि त्या अपुऱ्या आहेत. 'आहे' असे उत्तर मिळाल्यानंतर आणि प्रत्यक्ष वापर होण्यापूर्वी तार निसटू शकते. दोष नाहीसा होत नाही, विरळ होतो; आणि विरळ दोष शोधावयास अधिक कठीण.

खरा उपाय, उपकरणाचे अस्तित्व आणि नोंदीचे आयुष्य या दोन गोष्टी वेगळ्या मानण्यात आहे. नोंद वापरणाऱ्यांची गणना ठेवावयाची: जोडणीच्या वेळी एक, उपकरण उघडणाऱ्या प्रत्येकागणिक आणखी एक. वियोग होताच, एका वेळी एकालाच आत येऊ देणारे कुलूप घेऊन 'उपकरण गेले' अशी खूण करावयाची व गणनेतून एक वजा करावयाचा. नोंद मात्र गणना शून्यावर आल्यानंतरच नष्ट करावयाची. वाचू पाहणाऱ्याने त्याच कुलपाच्या आड ती खूण पाहावी आणि 'असे उपकरण नाही' हे उत्तर घेऊन परतावे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 2004 साली लिनक्समध्ये या गणनेसाठी 'केरेफ' नावाची सामाईक सोय केली. तीही आपोआप तारत नाही. वियोगाच्या वेळी प्रलंबित कामे थांबवावी लागतात. आणि ते काम ज्या कुलपासाठी खोळंबले आहे तेच हाती धरून ते संपण्याची वाट पाहिली, तर दोघेही जागच्या जागी थिजतात. अपघात टळला, यंत्र मात्र गोठले!

निदान हे स्वतंत्र प्रकरण आहे, कारण पडण्याची जागा आणि चुकीची जागा बहुधा भिन्न असतात. पुण्याचे अमित काळे यांनी या शतकाच्या प्रारंभी सांभाळलेले 'केजीडीबी' हे साधन एका संगणकाचे कर्नेल थांबवून दुसऱ्यावरून त्याची तपासणी करू देते. 2008 साली ते लिनक्सच्या 2.6.26 या आवृत्तीत समाविष्ट झाले. 2015 च्या 4.0 आवृत्तीतील 'कसान' प्रस्तुत दोषापुरते अधिक नेमके बोलते: मोकळी झालेली स्मृती कोणी वापरली, मुळात ती कोणी मागितली होती, आणि मोकळी कोणी केली. आंद्रे कोनोवालोव यांनी मुद्दाम विकृत केलेली कृत्रिम उपकरणे कर्नेलपुढे ठेवून, नोव्हेंबर 2017 मध्ये युएसबी विभागातील 14 दोष एकदम जाहीर केले. त्यांपैकी काहींत नोंद नष्ट झाल्यावरही तिचा निर्देश शिल्लक राहिला होता.