ग्रामसभेत पाण्याचा हिशेब

ग्रामसभा म्हटली की आपल्याकडे एक ठरलेले चित्र असते. झेंडावंदन उरकते, पोरांना खाऊ मिळतो आणि ग्रामसेवक रजिस्टर घेऊन ओट्यावर बसतात. (हुद्दा आता ग्रामपंचायत अधिकारी झाला, गाव अजून ग्रामसेवकच म्हणते.) सह्या होतात वीस-पंचवीस. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असतील तेवढे मतदार हजर लागतात. ते जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग चार माणसांत ठराव पास!

लोक येत नाहीत म्हणून लोकांना बोल लावणे सोपे आहे. बांधावर मात्र वेगळेच ऐकू येते. "साहेब, सगळं ठरवूनच आणत्यात. आम्ही काय नुसती सही करायला यायचं?" हे खोटे नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले, पण सभेपुढे येतो तो बहुधा तयार कागद. ज्याचा निर्णय खरोखर गावाच्याच हाती आहे असा विषय ठेवला तर माणसे येतात. असा विषय म्हणजे रब्बीचे पाणी.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने हेच केले. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तिथे पाणलोटाची कामे झाली, पण नुसते बंधारे बांधून गाव थांबले नाही. पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि विहिरींतील पाणी ग्रामसभेत मांडायचे, आधी पिण्याचे पाणी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ठरवायचे. ऊस, केळीला बंदी, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हे नियम गावानेच घालून घेतले.

हिशेब अवघड नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. त्यातले बरेच वाहून जाते, उडून जाते; म्हणून विहिरींची पातळी मोजावीच लागते. एका पाळीला सहा सेंटीमीटर पाणी धरले तर एकराला सुमारे २ लाख ४० हजार लिटर लागते. गव्हाला सहा पाळ्या आणि हरभऱ्याला दोन धरल्या, तर एक एकर गव्हाच्या पाण्यात तीन एकर हरभरा निघतो. हे आकडे सभेच्या दिवशी घाईने वाचून दाखवू नयेत. आठ दिवस आधी शाळेच्या भिंतीवर खडूने लिहावेत, म्हणजे पारावर त्यावर वाद होईल. तो झालाच पाहिजे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे, तीही कागदावर उरकू नये. कुठला हातपंप कुठल्या महिन्यात आटतो हे बायकांइतके कुणालाच ठाऊक नसते.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात गेल्या २ ऑक्टोबरला असा ताळेबंद मांडला. ज्वारीची पेर चालू, गहू-हरभऱ्याची पुढे, म्हणजे वेळ बरोबर होती. मंदिराचा मंडप भरला. एक कांदेवाला उठून म्हणाला, "विहीर माझी, मोटार माझी, गावाचा काय संबंध?" मागून एक म्हातारी म्हणाली, "आन् एप्रिलात टँकरच्या रांगेत तुझीच बायको व्हती न्हवं?" हशा झाला, पण पुढे दोन तास बोलणे चालले. गव्हाचे क्षेत्र निम्मे करायचे, कांदा ठिबकवरच घ्यायचा, असे ठरले. कांदेवाल्याने आपला एक एकर कमी केला. दोघे ऊसवाले मात्र शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. त्यांचा विरोध इतिवृत्तात तसाच नोंदवून घेतला. हे मला आवडले, एरवी 'सर्वानुमते मंजूर' लिहून मोकळे होतात.

विहिरी डिसेंबरात पुन्हा मोजायच्या ठरल्या, त्या दोघांच्याही.