पाटीशेजारी सुतकी चेहरा

आमच्या मामाच्या अल्बममध्ये लग्नामुंजींचे फोटो थोडे, पाट्यांसोबतचे फार. भंडारा रोडच्या फलाटावर तो ट्रंकेवर बसलाय, कपाळाला हात लावून लांबवर भंडारा शोधतोय. स्टेशन वरठीत, शहर तिथून चांगलं दूर. रेल्वेने नावापुढे 'रोड' लावला की समजायचं, उतरा आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा. तिरोडी लाइनीवरच्या गोबरवाहीला मामीने नाकाला पदर लावलाय. मागच्या बाकावरचा माणूस तिच्याकडे अशा नजरेने बघतोय की खरी गंमत त्याचीच. मँगनीजच्या खाणीच्या चिखल्याला चार मित्र पायजमे गुडघ्यापर्यंत वर धरून उभे आहेत. पायाखालचा रस्ता मात्र खडखडीत.

हे सगळं आगफा क्लिक थ्रीचं काम. बडोद्यात बनायचा तो कॅमेरा. 120 नंबरचा रोल, त्यात 12 चौकोनी फोटो. एक विनोद म्हणजे रोलचा बारावा हिस्सा, तोही रोल संपून धुऊन येईपर्यंत उधार.

तोच कॅमेरा घेऊन मी भाच्याला मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या पाटीखाली पेपर वाचायला उभं केलं. पाटीजवळ कोणीही उभं राहील. अक्षरं आणि चेहरा दोन्ही वाचता आले पाहिजेत, तिथे घाम फुटतो. फार जवळ गेलं की माणूस धूसर, मागे सरकलं की काडीएवढा. पाटी उंच, म्हणून मी रस्त्याकडेला उकिडवा. त्यात शटर मंद. हसू आलं की अंग हलतं, अंग हललं की तोंड पुसट. मामाच्या फोटोंमधल्या त्या सुतकी चेहऱ्यांचं अर्धं श्रेय या शटरलाच द्यायला हवं. मोबाइलवर आपण वीस फोटो काढतो आणि विसाव्यात नुसता अभिनय उरतो, असं माझं मत. भाच्याला ते पटलेलं नाही.

आंधळगाव कोशाच्या कापडासाठी नावाजलेलं. बारीक धाग्यावर नजर ठेवून विणणाऱ्यांच्या गावाला हे नाव! आमची खटपट बघून एक आजोबा सायकलवरून उतरले.

"आमाले त सगडंच दिसते जी," ते म्हणाले. मग भाच्याच्या हातातला पेपर घेऊन स्वतःच पाटीखाली उभे राहिले. "माहाबी एक काढा."

रोलमध्ये एकच फोटो उरला होता. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी आजोबांचा काढला.