कक्षेतून दिसणारी नर्मदा

भेडाघाटला नावेत बसले की नर्मदा दोन संगमरवरी कड्यांच्या मध्ये मावते. जबलपूरजवळची हीच जागा लँडसॅट उपग्रहाच्या चित्रात शोधू गेलो, तर कडे जवळजवळ नाहीसेच होतात. हा उपग्रह ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरतो. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीचा ३० मीटर लांब-रुंद तुकडा. अरुंद घळीच्या वाट्याला असे मोजकेच ठिपके येतात.

पण नावेतून जे कधीच कळत नाही, ते या चित्रात ठळक दिसते. अमरकंटकहून वळणे घेत आलेली नर्मदा जबलपूरनंतर पश्चिमेला वळते आणि विंध्य-सातपुड्याच्या मधून बरीचशी सरळ खंबातच्या आखाताकडे निघते. ही वाट भूकवचातल्या प्राचीन भेगांनी आखून दिली आहे. शोण नदीचे खोरे याच पट्ट्यात ईशान्येकडे पुढे जाते. देशाला आडवी छेदणारी ही रेघ पाहताना मी दर वेळी थांबतो. ती अजून पुरती शांत झालेली नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला हादरवणारा ५.८ तीव्रतेचा भूकंप याच पट्ट्यात झाला.

काही चित्रांत सातपुड्याचे जंगल लालभडक दिसते. ही चित्रकाराची लहर नव्हे. हिरवी पाने डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतात. ते दाखवायला लाल रंग वापरतात. पीक सुकू लागले की ही लाली फिकी पडते.

नर्मदेवरच्या बरगी धरणाचे चित्र मात्र नुसते सुंदर म्हणून पाहू नये. १९७० च्या दशकातल्या चित्रांत तिथे नदीचा बारीक धागा आहे. आज फांद्या फुटलेला विस्तीर्ण जलाशय आहे. त्यातली प्रत्येक फांदी म्हणजे बुडालेल्या एखाद्या ओढ्याचे खोरे, आणि त्या पाण्याखाली शंभराहून अधिक गावांची जमीन आहे.

कक्षेतून घेतलेली अशी चित्रे टप्प्याटप्प्याने आपल्या हाती आली. अंतराळवीर राकेश शर्मांनी १९८४ मध्ये सॅल्यूट-७ अंतराळस्थानकावरून भारताची छायाचित्रे घेतली आणि १९८८ मध्ये पृथ्वीची चित्रे घेणारा आपला आयआरएस-१ए उपग्रह कक्षेत गेला. इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ २००९ पासून सर्वांना खुले आहे. त्यावर आधी आपल्या ओळखीची नदी शोधा, आणि पावसाळ्यानंतरचे चित्र उन्हाळ्यातल्या चित्राशेजारी ठेवून पाहा.