टॅबवरचं इवलंसं चित्र

मार्च १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ या ब्राउझरने आवडत्या पानांच्या यादीत संकेतस्थळाचं चित्र दाखवायला सुरुवात केली. तेच फेविकॉन. आज ते टॅबवर, बुकमार्कमध्ये, शोधाच्या निकालातही दिसतं.

मूळ आकार १६ बाय १६, म्हणजे जेमतेम २५६ ठिपके. त्यात समजा गोंदियाचा सारस पक्षी बसवायचा तर लांब पाय सोडून द्यावे लागतील; लाल डोकं आणि राखाडी अंग तेवढं ओळखू येईल. अक्षरं तर घालूच नयेत.

पानात चित्राचा पत्ता दिलेला नसला, तर ब्राउझर स्वतःहून संकेतस्थळाच्या मुळाशी ‘फेविकॉन डॉट आयसीओ’ ही फाइल मागतो. मिळालेलं चित्र तो साठवून ठेवतो. म्हणून चित्र बदललं तरी कधीकधी जुनंच दिसत राहतं.

आपले सरकार सेवा केंद्रात सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला असे ढीगभर टॅब उघडे असले की नावं कापली जातात, तेव्हा ही चित्रंच कामी येतात. पण त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. चित्र कुणालाही कुठलंही लावता येतं. फसवणारा कुलपाचं चित्र लावून पान सुरक्षित असल्याचा भास करू शकतो, म्हणूनच फायरफॉक्सने २०१२ मध्ये फेविकॉन पत्त्याच्या पट्टीतून काढून टाकलं. सरकारी कामाचं पान उघडलं की संकेतस्थळाचं नाव ‘डॉट गव्ह डॉट इन’वर संपतं का, ते आधी वाचा.