हाडाचा ठाव घेणारे चार नॅनोग्रॅम

बंगळूरच्या जयनगरला लागूनच लालबाग आहे. तिथल्या केंपेगौडा बुरुजाखालचा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा. जयनगरच्याच पूर्वेला, भैरसंद्रात, संजय गांधी इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॉमा अँड ऑर्थोपेडिक्स हे सरकारी हाडांचं रुग्णालय आहे. खडकाचं वय आठवावं असं काहीतरी हाडांच्या तपासणीत खरोखरच दडलेलं आहे.

डॉक्टर बोन स्कॅन लिहून देतात तेव्हा शिरेत जे इंजेक्शन जातं, त्यात किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एम असतं. या मूलद्रव्याचा सर्वांत टिकाऊ प्रकारसुद्धा ४२ लाख वर्षांत निम्मा होतो. मग हिशेब करून बघा. अख्खी पृथ्वी टेक्नेशियमची असती, तरी १६५ वेळा निम्मी होत होत साधारण ७० कोटी वर्षांत तिचा शेवटचा अणूही गेला असता. पृथ्वीचं वय आहे ४५४ कोटी! लालबागेचा खडक घडला, तेव्हा पृथ्वीच्या जन्मावेळचं टेक्नेशियम कधीच संपलेलं होतं. आज युरेनियमच्या खनिजांत त्याचा नाममात्र अंश सापडतो, एवढंच. म्हणूनच १९३७ साली ते हाती लागलं ते माणसानं घडवलेलं पहिलं मूलद्रव्य म्हणून.

स्कॅनसाठी लागणारा प्रकार तर सहा तासांतच निम्मा होतो. सकाळी आठला तयार केलेला दुपारी दोनला अर्धा. साठवून ठेवायची सोयच नाही. म्हणून रुग्णालयात येतो तो त्याचा जनक, ६६ तासांत निम्मा होणारा मॉलिब्डेनम-९९, शिशाच्या जाड आवरणातल्या जनरेटरमधून. त्यातून सलाइन सोडलं की ताजं टेक्नेशियम उतरतं. भारतात असे जनरेटर पुरवणाऱ्यांत नवी मुंबईतल्या वाशीची ‘ब्रिट’ ही संस्था आहे.

एका माणसाला साधारण २० मिलिक्युरी देतात. म्हणजे दर सेकंदाला ७४ कोटी अणूंचं विघटन. एकूण अणू सुमारे २३ लाख कोटी, आणि या सगळ्यांचं वजन? चार नॅनोग्रॅमही भरत नाही. मिठाच्या एका कणाचा साधारण पंधरा हजारावा हिस्सा!

हे अणू एमडीपी नावाच्या औषधाला बांधलेले असतात. प्रौढ माणसाचा सांगाडा वर्षाला सुमारे दहा टक्के नव्यानं घडतो, आणि जिथे ही घडण जोरात चालू असते तिथे औषध जास्त चिकटतं. दोन-तीन तास थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं, लघवीला जाऊन यायचं, मग कॅमेऱ्याखाली निजायचं. कॅमेऱ्यापुढच्या शिशाच्या जाळीतून दहा हजारांतला जेमतेम एक किरण पार होतो. तरी पंधरा-वीस लाख नोंदी जमतात आणि २०६ हाडांचं चित्र उभं राहतं. मुलांच्या गुडघ्याजवळ वाढीच्या पट्ट्या ठळक काळ्या दिसतात.

एक्स-रेवर हाडाची झीज दिसायला तिथलं ३० ते ५० टक्के खनिज जावं लागतं. पोलीस भरतीसाठी रोज डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मुलाची नडगी दुखते, एक्स-रे मात्र दोन-तीन आठवडे स्वच्छच येतो. बोन स्कॅनमध्ये हीच बारीक चीर दोन-तीन दिवसांत काळ्या लांबट डागासारखी उमटते. अशा मुलाला ‘काही नाही, धाव’ म्हणणं मला फार चुकीचं वाटतं. आज यासाठी एमआरआय जास्त वापरतात. पण अख्खा सांगाडा एकदम पाहायचा, कॅन्सर हाडांत पसरलाय का हे शोधायचं, तर बोन स्कॅन अजून हाताशी लागतो.

डाग कशाचा, हे मात्र तो सांगत नाही. फ्रॅक्चर, जंतुसंसर्ग, संधिवात, गाठ, सगळेच काळे दिसतात. रुग्णाची हकीकत आणि बाकीच्या तपासण्या जोडून पाहाव्या लागतात. किरणांचा डोस साधारण चार मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून वर्षाला सरासरी मिळणाऱ्या २.४ च्या दुपटीहून कमी. तरी दिवस गेले असतील तर आधीच सांगावं. आणि आईची हाडं ठिसूळ झालीत का, हे विचारायचं असेल तर बोन स्कॅन मागू नका. त्यासाठी डेक्सा ही वेगळी तपासणी आहे. तिचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, आणि तिला शिरेत काहीच टोचावं लागत नाही.